वगळीतला बांध आणि सडकेखालचा नळा: एका पाणी-निचऱ्याच्या वादाचं प्रकरण

हे प्रकरण तेरणेच्या खोऱ्यातल्या एका गावचं आहे. गावाचं नाव, गट क्रमांक किंवा माणूस ओळखू येईल असं काही इथे दिलेलं नाही. मी महसुली कामं पाहणारा वकील. अशा दोन-तीन फायलींतले तपशील एकत्र करून त्यांचं एक प्रकरण केलं आहे. कलमं, मुदती आणि सरकारी दर मात्र जसे आहेत तसेच ठेवलेत.

गाव १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर उठून वरच्या माळाला बसलेलं. जुनं गावठाण खाली ओढ्याकाठी पडून आहे. नवं गाव आलं तशी नवी सडक आली, आणि ती शिवारातून आडवी गेली. ही सडक जुन्या गाव नकाशावर नाही. आमच्याकडच्या नोंदी निजामाच्या काळातल्या मोजणीवर उभ्या आहेत, त्यावर १९५४-५५चं खासरा पत्रक (जमीन आणि कब्जेदारांची नोंद), त्यावर गटवारी (सर्व्हे नंबर एकत्र करून पाडलेले गट). प्रत्येक थरात काहीतरी गळालेलं असतं, आणि पाण्याच्या वाटा सगळ्यात आधी गळतात.

जमीन काळी, खोल. जूनमध्ये भेगा पाणी पितात. एकदा माती फुगली आणि भेगा मिटल्या की वरचं पाणी वरच. उतार इतका मंद की माणसाच्या डोळ्याला दिसत नाही, पाण्याला बरोबर दिसतो. सगळ्यात वर काकूंचं रान, १ हेक्टर ६० आर, सोयाबीन आणि बांधाला तूर. त्याखाली त्यांच्या चुलत दिराचं, १ हेक्टर २० आर. त्यांना अख्खं गाव आण्णा म्हणतं. आण्णांच्या खाली सडक, सडकेपलीकडे ओढा. वरच्या माळाचं पाणी काकूंच्या रानातून आण्णांच्या रानात आणि तिथून सडकेखालून ओढ्याला मिळायचं. ही जी पावसाळ्यापुरती वाहणारी घळ, तिला आमच्याकडे वगळ म्हणतात. ओढ्याला नाव असतं, वगळीला नसतं. त्यामुळे ती बुजवताना कुणाला काही बुजवल्यासारखं वाटत नाही.

मे २०२५ मध्ये आण्णांनी जेसीबी लावला. दोन्ही रानांच्या सामाईक बांधालगत वगळीच्या तोंडावर मुरूम आणि काळी माती टाकून कंबरेइतका आडवा बांध घातला, आतली वगळ सपाट केली आणि ऊस लावला. काकू बांधावर गेल्या तेव्हा झालेलं बोलणं पुढे जबाबात जवळजवळ जसंच्या तसं आलं.

"वैनी, गावचं पाणी काय माज्याच रानातनं जायचं का? दरसाली अर्धा एकर खरडून जातंय, ते कुणी भरून द्यायचं?"

"आण्णा, पाणी म्या आणलंय का? आज्जे-सासऱ्यापासनं त्याच वाटनं जातंय."

दोघंही खरं बोलत होते. फाईल पुढे जितकी फुगली त्यातला बराच भाग या दोन वाक्यांचाच विस्तार आहे.

पाणी जुलैतच तुंबायला लागलं. सोयाबीन पिवळं पडलं, रानाला वाफसा येईना, कोळपणी राहिली. सप्टेंबरात मराठवाड्यावर जे कोसळलं ते सगळ्यांना माहीत आहे. एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या पुढे पाऊस झाला की सरकारी भाषेत अतिवृष्टी. ६५ मिलिमीटर म्हणजे एका हेक्टरवर साडेसहा लाख लिटर पाणी. वगळीला वरून येणारं क्षेत्र चाळीस हेक्टर धरलं, तर एका दिवसात २ कोटी ६० लाख लिटर. त्यातलं काही जमीन पिते हे खरं, पण ती आधीच तुडुंब असली तर फार थोडं. हे सगळं त्या कंबरेएवढ्या बांधाला येऊन टेकलं आणि काकूंच्या सोयाबीनमध्ये गुडघाभर पाणी आठ दिवस उभं राहिलं.

पहिला अर्ज, चुकीच्या दारात

काकूंच्या मुलाने जुलैतच तहसीलला अर्ज दिला होता. झेरॉक्सच्या दुकानात मिळणारा छापील नमुना, वर कलम लिहिलेलं: महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम १४३. ते कलम बांधावरून शेतात जाण्याच्या वाटेचं आहे, पाण्याचं नाही. अर्ज टेबलावर गेला, तिथून मंडळ अधिकाऱ्यांकडे, तिथून तलाठ्याकडे (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी, पण लोकांच्या तोंडी तलाठीच). ऑक्टोबरात उत्तर आलं की मागणी या कलमात बसत नाही.

तोवर तीन महिने गेले होते. आणि ज्या कलमात ही मागणी बसते, त्याची मुदत सहाच महिन्यांची आहे.

ते कलम म्हणजे मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५. मामलेदार म्हणजे आजचे तहसीलदार. कायदा ब्रिटिश काळातला, मुंबई इलाख्याचा. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात, इथे त्याचा संबंध नव्हता. पण आज मराठवाड्यातल्या तहसीलदारांपुढे शेतरस्त्याचे बहुतेक वाद याच कायद्याने चालतात. रस्त्याचा भाग इतका गाजला की त्याच कलमात पाण्याचाही तितकाच ठळक भाग आहे हे लोक विसरून गेले. वकीलही विसरतात. मी स्वतः पहिली काही वर्षं हे कलम फक्त रस्त्यासाठीच उघडत होतो.

त्याचा आशय असा: शेती, चराई, झाडं किंवा पीक यांसाठी वापरल्या जाणाऱ्या जमिनीत उगवणारं किंवा तिच्यावर पडणारं पृष्ठभागावरचं पाणी शेजारच्या जमिनीत नैसर्गिकपणे वाहून जात असेल, आणि त्या वाहण्याला कुणी कायद्याच्या अधिकाराशिवाय अडथळा उभारला असेल, व त्यामुळे जमिनीचं किंवा पिकाचं नुकसान होत असेल किंवा होण्याचा संभव असेल, तर तो अडथळा काढण्याचा अधिकार तहसीलदारांना आहे. शिवाय पुन्हा अडथळा करू नये म्हणून मनाई हुकूमही देता येतो. पाणी ठरलेल्या प्रवाहातून जात असो वा तसंच पसरून, दोन्ही यात येतं. म्हणजे नकाशावर नाला दिसलाच पाहिजे असं नाही. आमच्यासारख्या, नकाशे अर्धवट असलेल्या भागात या एका शब्दयोजनेचं मोल फार मोठं आहे.

त्याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे जी टेबलावर क्वचितच वाचली जाते. अर्ज दाव्याच्या नमुन्यात नसला, पण त्यातला विषय कलम ५ मध्ये येतो असं दिसलं, तर तहसीलदारांनी अर्जदाराला या कायद्याखाली काय मिळू शकतं ते समजावून सांगायचं आणि त्याला तसं हवं आहे का हे विचारायचं. तो हो म्हणाला तर तसा शेरा मारून तोच अर्ज दावा म्हणून चालवायचा. कायदा करणाऱ्यांना शेतकरी कलम चुकवणार हे १९०६ मध्येच कळलं होतं. जुलैत हे विचारलं गेलं असतं, तर पुढची धावपळ वाचली असती.

माझ्याकडे फाईल ऑक्टोबरच्या शेवटी आली. बांध घातल्याची तारीख २२ मे, म्हणजे मुदत २२ नोव्हेंबरला संपणार. बांध घातला त्या दिवसापासून मोजायचं की पाणी तुंबून नुकसान झालं त्या दिवसापासून, यावर वाद घालता येतो, पण वाद घालता येतो म्हणून घालायची वेळ येऊ देऊ नये. दावा ७ नोव्हेंबरला दाखल केला. सत्यापन, चतुःसीमा, अडथळ्याचं ठिकाण आणि स्वरूप, दाव्याचं कारण घडल्याची तारीख, साक्षीदारांची यादी, कागदांची यादी. तारखेचा पुरावा म्हणून जेसीबीवाल्याची पावती मिळाली नाही. तो आण्णांचाच भाचा. पण काकूंच्या मुलाने त्या दिवशी मोबाईलवर काढलेला फोटो होता, आणि तो त्याने त्याच संध्याकाळी भावकीच्या गटावर टाकला होता. भावकीतल्या त्या भांडणाने मुदतीचा प्रश्न सोडवला.

नाला कुणाचा

आण्णांच्या वकिलांनी जबाबात तीन मुद्दे मांडले. एक, आमच्या सातबारावर नाला नाही. दोन, हे पाणी नैसर्गिक नाही, वरच्या रानात चर खोदून आमच्या अंगावर सोडलेलं आहे. तीन, बांध जुना आहे, फक्त डागडुजी केली.

पहिल्या मुद्द्यासाठी भूमी अभिलेखातून गाव नकाशा, खासरा पत्रक आणि गटाचा नकाशा काढले. गाव नकाशावर काकूंच्या रानात वगळ दुहेरी रेघेने दाखवलेली, आण्णांच्या रानात शिरल्यावर एकेरी, आणि गट नकाशात ती रेघच नाही. काकूंच्या सातबारावर पोटखराबा वर्ग 'ब' खाली ४ आर होते, आण्णांच्या सातबारावर शून्य. वर्ग 'ब' म्हणजे रस्ता, नाला, तलाव अशा, इतरांच्याही वापरातल्या कारणासाठी लागवडीबाहेर ठेवलेली जमीन. वगळ काकूंच्या बांधावर येऊन हवेत विरते, असं सरकारी कागद सांगत होता.

इथे एक आडवाट मोहात पाडते. महसूल संहितेचं कलम २० म्हणतं की नद्या, ओढे, नाले, तळी, कालवे, जलप्रवाह आणि वाहतं व साचलेलं पाणी, जे दुसऱ्या कुणाच्या मालकीचं नाही, ते सगळं राज्य सरकारचं. आणि कलम ५० खाली सरकारच्या जमिनीवरचं अतिक्रमण काढण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. त्याला सहा महिन्यांची अट नाही. मग थेट कलम ५० का नको? कारण तिथे आधी ती पट्टी सरकारची आहे हे ठरावं लागतं. एकेरी रेघेवरून मोजणी मागवायची, मोजणीवर हरकत, हरकतीवर निमताना (म्हणजे वरिष्ठांकडून फेर) मोजणी, आणि तेवढ्यात दोन पावसाळे. नकाशावर दुहेरी रेघ स्वच्छ असेल तर मी आधी कलम ५०चा अर्ज देईन. इथे नव्हती.

कलम ५ मध्ये मालकीचा प्रश्न बाजूला राहतो. पाणी नैसर्गिकपणे या बाजूला जात होतं का, एवढंच बघायचं. ते दाखवायला काय होतं? बांधाच्या दोन्ही अंगांना करंजांची जुनी रांग. गूगल अर्थवरच्या मागच्या वर्षांच्या छायाचित्रांत दोन्ही रानांतून जाणारा हिरवा पट्टा, जो आण्णांच्या रानात यंदाच पुसला गेला. दोन म्हातारे साक्षीदार, त्यातला एक आण्णांचाच सोयरा. तहसीलदारांनी छायाचित्रांना एकटं महत्त्व दिलं नाही, पण पंचनाम्याशी जोडून वाचलं. ते मला योग्य वाटलं.

दुसरा मुद्दा मात्र पोकळ नव्हता. काकूंच्या मुलाने आदल्या वर्षी रुंद वरंबा सरी पद्धतीने पेरणी केली होती आणि सऱ्यांचं पाणी काढायला दोन चर वगळीत उतरवले होते. सुविधाधिकार अधिनियम १८८२ च्या कलम ७ मध्ये हा नियम उदाहरणासह दिला आहे: वरच्या जमिनीवर पडलेलं किंवा उगवलेलं पाणी ठरलेल्या प्रवाहाशिवाय, नैसर्गिकपणे खालच्या जमिनीत वाहू देणं हे खालच्या मालकाचं कर्तव्य. शब्द 'नैसर्गिकपणे' असा आहे. गोळा करून एका तोंडाने ओतलेलं पाणी त्यात आपोआप बसत नाही. मी काकूंना हे आधीच सांगितलं होतं आणि मुलाला चर बुजवायलाही सांगितलं होतं. त्याने एक बुजवला, दुसरा राहिला. पाहणीच्या दिवशी तो सगळ्यांनी पाहिला.

तिसरा मुद्दा फोटोने निकालात काढला.

पाहणीच्या दिवशी

स्थळ पाहणी डिसेंबरात झाली. तहसीलदार स्वतः आले, ही गोष्ट नोंदवण्याजोगी आहे, कारण कित्येकदा मंडळ अधिकाऱ्यांच्या अहवालावर भागवलं जातं. बांध पाहिला, पंचनामा झाला, सगळे निघाले. निघताना तहसीलदारांनी सहज विचारलं, "हे पाणी पुढे जातं कुठून?"

सगळे सडकेकडे गेले. तिथे खरं प्रकरण होतं.

जुन्या सडकेखाली ९०० मिलिमीटरचे दोन सिमेंट नळे होते, हे गावातला कुणीही सांगेल. लहानपणी पोरं त्यातून पलीकडे जायची. दोन-तीन वर्षांपूर्वी सडकेचं नूतनीकरण झालं, भराव टाकून उंची वाढली, आणि दोन नळ्यांच्या जागी ६०० मिलिमीटरचा एकच बसवला गेला. तोंडाचं क्षेत्रफळ काढलं तर आधीच्या एक चतुर्थांशाहूनही कमी. शिवाय नळ्याचा तळ वगळीच्या तळापेक्षा वीतभर वर, म्हणजे तेवढं पाणी कायमचं अलीकडेच राहणार. आणि अर्धा नळा गाळाने भरलेला. त्या कडेला जुन्या नाला खोलीकरणातली माती अजून ढिगाने पडली होती. खोलीकरण झालं की काठावर ढीग टाकून यंत्र पुढे जातं आणि बाजूने येणाऱ्या पाण्याची वाट त्या ढिगाखाली जाते, हे आमच्याकडे जागोजाग दिसतं.

आण्णांचं रान सडकेच्या वर. नळा आकसला तसं पाणी त्यांच्या रानात थांबू लागलं. त्यांनी बांध घातला तो पाणी नको म्हणून नव्हे, ते पुढे जात नव्हतं म्हणून. पण हे त्यांच्या जबाबात एका ओळीतही नव्हतं. त्यांच्या वकिलांनी कागद लढवला, नळा पाहिलाच नाही. मीही पाहिला नव्हता. माझी अशिलं वर होती, माझी नजर त्यांच्या बांधापर्यंतच गेली.

हुकूम, आणि त्याच्या पलीकडचं

हुकूम फेब्रुवारी २०२६ मध्ये झाला. आण्णांनी घातलेला बांध वगळीच्या मूळ रुंदीएवढा, म्हणजे काकूंच्या बांधावर मोजलेल्या बारा फुटांइतका, मोकळा करावा. पुन्हा अडथळा करू नये असा मनाई हुकूम. आणि काकूंनी राहिलेला चर बुजवावा. मला शेवटचा भाग आवडला. कायद्यात वरच्यालाही बंधन आहे याची आठवण अशा हुकमांत क्वचितच ठेवली जाते.

या हुकमाविरुद्ध अपील नाही. पुनरीक्षण जिल्हाधिकाऱ्यांकडे, आणि ते काम व्यवहारात उपविभागीय अधिकारी करतात. त्याउपर दिवाणी न्यायालय आहे, आणि ज्याला परवडेल त्याला औरंगाबाद खंडपीठ. मनाई हुकूम मोडला तर पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम १८८ लागायचं, आता भारतीय न्याय संहितेचं २२३. आण्णांनी पुनरीक्षण दाखल केलं. स्थगिती मिळाली नाही.

नळ्याबद्दल मात्र हुकमात काही नव्हतं, आणि असूही शकत नव्हतं. कलम ५ मधला अडथळा 'कायद्याच्या अधिकाराशिवाय' उभारलेला असावा लागतो. सडक सरकारी यंत्रणेने, मंजूर अंदाजपत्रकाने बांधलेली. नळा चुकीचा असू शकतो, पण तो अनधिकृत आहे असं म्हणणं कठीण. तहसीलदारांनी बांधकाम उपविभागाला पत्र लिहिलं. उत्तर आलं: निधी उपलब्ध झाल्यावर कार्यवाही करण्यात येईल.

इथे आपल्या कायद्यांची घडण उघडी पडते. निचरा हा राज्यघटनेत राज्यसूचीचा विषय आहे, नोंद १७: पाणीपुरवठा, सिंचन, कालवे, निचरा, बंधारे. नाले सरकारच्या मालकीचे, कलम २०. अतिक्रमण काढायचा अधिकार, कलम ५०. पाटबंधारे अधिनियम १९७६ मध्येही नैसर्गिक निचऱ्याच्या वाटेतले अडथळे रोखण्याचे आणि काढण्याचे अधिकार आहेत, पण ते कालव्याच्या क्षेत्राभोवती फिरतात आणि हे गाव लाभक्षेत्रात नाही. नद्यांना निळी आणि लाल पूररेषा, पंचवीस वर्षांतून एकदा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हिशोबाने. वगळीला कसली रेषा? आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ ने जिल्हा प्राधिकरणाला पुष्कळ अधिकार दिले. ही सगळी कलमं मराठीत वाचली की क्रियापद जवळपास एकच दिसतं: 'करता येईल'. 'करील' किंवा 'केलेच पाहिजे' शोधावं लागतं. मालकी सरकारची, अधिकार सरकारचे, पण अमुक महिन्याच्या आत नाला वाहता ठेवण्याचं काम अमुक अधिकाऱ्याचं, असं वाक्य शेतशिवारातल्या नाल्यासाठी मला आजवर कुठल्या कलमात भेटलं नाही. शेजाऱ्याच्या बांधाला सहा महिन्यांची मुदत आहे. सरकारी नळ्याला निधीची.

रेल्वेचं उदाहरण मी या कामात मुद्दाम दाखवलं. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १६ मध्ये रेल्वेवर बंधन आहे की मार्गामुळे अडणाऱ्या पाण्यासाठी मोऱ्या, गटारं, जलमार्ग बांधावेत, आणि ते इतके मोठे असावेत की मार्ग होण्यापूर्वी पाणी जितक्या मोकळेपणी जात होतं तितकंच, किंवा शक्य तितकं जवळपास तसंच, पुढेही जावं. तोलायला मापच दिलं आहे: आधी जसं होतं तसं. गावाच्या सडकेला असं माप ठरलेलं असतं, तर ६०० मिलिमीटरचा नळा अंदाजपत्रकातच अडला असता.

मग उरलं ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम १३३, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहिता २०२३ चं कलम १५२. सार्वजनिक जागेतला किंवा लोकांच्या कायदेशीर वापरातल्या वाट, नदी वा जलमार्गातला बेकायदा अडथळा अथवा उपद्रव काढण्याचा सशर्त आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात. दोन शेजाऱ्यांच्या खासगी भांडणाला हे कलम वापरू नये, आणि आम्ही बांधासाठी ते वापरलं नव्हतं. पण नळ्याने अडलेलं पाणी सहा जणांच्या रानांत आणि पावसाळ्यात सडकेवरही चढत होतं, शाळेची पोरं त्यातूनच जायची. 'निधी नाही' या उत्तराला तोंड द्यायला रतलाम नगरपालिका विरुद्ध वर्धीचंद हा १९८० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जोडला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यात गटारांच्या घाणीबद्दल नगरपालिकेला दिलेला दंडाधिकाऱ्यांचा आदेश उचलून धरला आणि पैसे नसल्याची सबब कायदेशीर कर्तव्यापुढे चालणार नाही हे स्पष्ट केलं. शहराचं गटार आणि शिवाराचा नळा एक नाहीत, हे प्रतिपक्ष म्हणणारच. तरी आधार घ्यावा असा तो निकाल आहे.

ग्रामसभेचा ठराव घेतला, सहा सह्या घेतल्या आणि नळ्याचा अर्ज दंडाधिकाऱ्यांकडे दिला.

पैशाचं काय झालं

थोडक्यात सांगण्यासारखंच आहे. मामलेदार न्यायालय नुकसानभरपाई देत नाही. आण्णांकडून पिकाचे पैसे हवे असतील तर दिवाणी दावा, आणि काकूंनी तो नको म्हटलं. दिराला कोर्टात ओढायचं, तेही पैशासाठी, हे त्यांना पटेना.

सरकारी मदतीचा पंचनामा झाला. ३३ टक्क्यांवर नुकसान असलं की आपत्ती निधीच्या तेव्हाच्या निकषाने कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये. काकूंच्या १ हेक्टर ६० आरला ते होतात १३,६००. ऑक्टोबर २०२५ च्या राज्याच्या पॅकेजात रब्बीसाठी हेक्टरी १०,००० ची वेगळी भर जाहीर झाली. हे पाणी आभाळातून आलं की बांधाने अडवलं, याच्याशी पंचनाम्याला देणंघेणं नव्हतं, आणि एकापरी तेच बरं झालं. आण्णांच्या खरडलेल्या पट्टीचा विषय वेगळा. जमीन वाहून गेली तर अल्प आणि सीमांत भूधारकांना हेक्टरी ४७,००० चा निकष तेव्हा होता, पण त्यांनी ती पट्टी आधीच सपाट करून ऊस लावलेला. पंचनाम्याच्या दिवशी खरडलेलं काही दाखवायला उरलं नव्हतं.

एप्रिलपासून पुढे

बांध एप्रिलच्या शेवटी फोडला. तलाठी, कोतवाल, पोलीस पाटील आणि तोच जेसीबी, तोच भाचा. बारा फूट मोजून खुणा केल्या, उसाच्या चार ओळी गेल्या. आण्णा बांधावर उभे होते, बोलले नाहीत. काकूंनी घरून सगळ्यांसाठी चहा पाठवला होता. त्यांनी घेतला नाही, मग घेतला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला जोराचा पाऊस झाला. काकूंच्या रानातलं पाणी दुपारपर्यंत उतरलं. ते बारा फुटांतून आण्णांच्या उसात गेलं, तिथून सडकेपाशी, आणि थांबलं. तीन दिवस ऊस पाण्यात होता.

चौथ्या दिवशी आण्णा काकूंच्या दारात आले. मला हे काकूंच्या मुलाने फोनवर सांगितलं. "वैनी, त्या नळ्याच्या अर्जावर माजीबी सही घ्या." सही घेण्याची वेळ निघून गेली होती, म्हणून वेगळा अर्ज करून त्यांना सातवे अर्जदार म्हणून सामील करून घेण्याची विनंती मी दंडाधिकाऱ्यांपुढे ठेवली. बांधाच्या हुकमाविरुद्धचं त्यांचं पुनरीक्षण अजून चालू आहे, ते मागे घेणार का असं मी त्यांच्या वकिलांना विचारलं. ते म्हणाले, विचारून सांगतो.

बांधकाम उपविभागाचा प्रतिनिधी पहिल्या तारखेला आला नाही. दुसऱ्या तारखेला आला आणि म्हणाला, नळ्याच्या मापाबद्दल कुणाची तक्रार आमच्याकडे कधी आलीच नव्हती. त्यावर ग्रामसभेच्या ठरावाची पोच दाखवली. पुढची तारीख ऑगस्टात पडली आहे.